गिटारसोबतची फुकट कोथिंबीर

प्रिय बाबा,

सप्रेम आणि ससंशय नमस्कार.

अकोल्यात एका चहाच्या टपरीवर बसून लिहितेय. समोरच्या गल्लीत एक जुनी इलेक्ट्रिक गिटार माझी वाट बघतेय आणि ती घ्यावी की नाही, हे विचारायला तुम्ही नाही. क्लासवर शिकवून साठवलेले पैसे आहेत. फसले तर पुन्हा कधी साठणार?

तुम्ही असता तर आधी गिटार कशाला हवी, यावरूनच वाजलं असतं. ते राहू द्या.

अंजनगावच्या बाजारातलं तुमचं भाजीचं दुकान आठवतंय. गिऱ्हाईक गेलं की मला हळूच सांगायचात, "पोरी, कुठंबी गेली तं वरून नोको पाहू, खाली हात घाल. अन् फुकट कोथिंबीर भेटली का समजून जाय, भाजी कालची हाय." स्वतःचंच गुपित पोरीला सांगणारा भाजीवाला दुसरा कुठे असेल?

आधी अमरावतीला एका गिटारच्या दुकानात गेले होते, तिथे तुमचंच ऐकलं. गिटार नवीकोरी, चकचकीत. सोबत छोटा अ‍ॅम्प, बॅग, पट्टा, जादा तारा, सगळं फुकट! मला लगेच कोथिंबिरीचा वास आला. दुकानदार अ‍ॅम्पचा आवाज वाढवून वाजवत होता. मी म्हटलं, अ‍ॅम्प बंद करा, नुसती वाजवून बघू द्या. त्याचं तोंडच उतरलं. तारा दांडीवरच्या पट्ट्यांना घासत होत्या आणि लावलेला सूर गाणं संपायच्या आत उतरला. मी नमस्कार करून बाहेर पडले.

मग ही अकोल्याची. एका काकूंची आहे. बोटांचे सांधे धरतात, म्हणून विकायला काढलीय. रंग उडालेला. "आवाजाचं बटन खरखर करते, पयलेच सांगतलेलं बरं," त्या म्हणाल्या. विकताना इतकं खरं कोण बोलतं? माझा संशय वाढलाच. एक डोळा मिटून दांडी सरळ आहे का बघितलं. पट्ट्यांमधलं एकेक घर दाबून प्रत्येक तार छेडली. काही म्हणता काही सापडेना. सूरही हलेना.

भाव माझ्या ऐपतीत बसला. तेवढ्यात काकूंनी आतून वायर आणि पट्टा आणून माझ्यापुढे ठेवला. "हेबी घेऊन जाय. मले आता काय कामाचं?"

कोथिंबीर! चहा पिऊन येते म्हणाले आणि सटकले.

इथून आईला फोन केला. बाबा फुकट कोथिंबीर नक्की कोणाला द्यायचे गं? आई हसायलाच लागली. "ताज्या भाजीवरबी देत. मानूस आवडला का देऊन टाकत. त्याच्यापायी किती भांडलो आमी!"

हे मला का नाही सांगितलंत, बाबा? इतकी वर्षं तुमची प्रत्येक जुडी मला लबाडीची वाटत राहिली. पोरगी आपल्याला लबाड समजते, हे तुम्हाला चाललं? फक्त मी कुठे फसू नये म्हणून? फार राग येतोय तुमचा. आणि फार आठवण येतेय.

चहा संपला. आता परत जाते. गिटार घेईन. वायर आणि पट्टाही घेईन, आणि वचन देते, काकूंच्या डोळ्यांदेखत ती वायर उलटीपालटी करून बघणार नाही.

बसमध्ये बसल्यावर बघेन.

तुमच्याच दुकानावर शिकलेली,
सुनी