एक जूनचे साठ नारळ

१० मे

जिवाभाऊ आले. जाकीट नवं, माणूस तोच. पायरीवरूनच आरोळी — "बाई, चहा टाका, आमदारकी येतेय!"

हा चौथा पक्ष. सरपंच झाला, सभापती झाला, जिल्हा परिषदेवर गेला. गळ्यातले पंचे बदलले, भाषण लिहिणारी मात्र मीच. पहिलं भाषण खोडाळ्याला, मी शिकवायचे त्या शाळेत, पंधरा ऑगस्टला. त्याने दुसरं पान आधी वाचलं आणि पहिलं नंतर. कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही — अर्धं झाल्यावर कळलं! तेव्हाच ओळखलं, हा पुढे जाणार.

त्याने माझी बदली जव्हारला करून दिली, त्याला बावीस वर्षं झाली. म्हणून साप्ताहिकातल्या माझ्या सदरात बाकी सगळे पुढारी सोलून निघतात. हा एकटा या वहीत.

१२ मे

येसू आज भांडी घासता घासता गाणं म्हणत होती. साखरशेतच्या पलीकडे कुंडाचा पाडा, तिथून रोज डांबरी रस्त्यापर्यंत पायी येते, मग जीप. लेक करिष्मा वसईच्या वीटभट्टीवरून बाळंतपणाला आली आहे. दिवस भरत आले.

"बाई, मशीन आली! खोटा नाय. पिवली मशीन! पोरा पाठी धावतात."

पाड्याचा रस्ता. भाऊने याचं भूमिपूजन आधी दोनदा केलंय, दोन्ही वेळा नारळ फुटला आणि तेवढंच फुटलं. या खेपेला मशीन, जेसीबी, खरंच आली. ऑपरेटर सांगतो, ओहोळात पाइप टाकून वर मुरूम — आठ दिवसांचं काम.

"मंग गाडी दारात. पोरीला झोलीत घालून नाय न्यावी लागायची."

नर्सने जूनचा पहिला आठवडा सांगितलाय.

१४ मे

भाऊ पुन्हा. तिसऱ्या भूमिपूजनाला काय वेगळं करावं? नारळ फुटल्याशिवाय मशीनच्या बादलीला कोणी हात लावणार नाही, हा आमच्याकडचा नियम. सरकारी आदेश एकवेळ मोडतील, हा नाही.

मी म्हटलं, "भाऊ, एक जूनला तुम्हाला साठ पूर्ण होतात ना? त्याच दिवशी करा. साठ नारळ, साठ सुवासिनी, साठ फुटी बॅनर. मशीनलाही तोवर सुट्टी द्या, दमली असेल."

थट्टा! शुद्ध थट्टा! एक जून हा मुळात त्याचा वाढदिवसच नाही. शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की मास्तर एक जून लिहून मोकळे. अर्धा तालुका एक जूनला जन्मलाय.

हा बघतच राहिला. डोळ्यांत पाणी! "बाई, तुमच्या डोक्याला तोड नाय. मंत्र्यालाच बोलवतो."

मी आत जाऊन तोंडात पदर कोंबला.

१७ मे

खरंच थांबवलं! मशीन आंब्याखाली उभी. वर ताडपत्री, तोंडाला झेंडूचा हार. ऑपरेटर गावी गेला.

थट्टा होती, असं फोन करून सांगावं का? पण म्हणेल, मग तेव्हाच का नाही बोललात? आणि खरं सांगायचं तर — वीस वर्षांत असा मसाला मिळाला नव्हता.

२१ मे

"मशीन निजली, बाई," येसू म्हणाली. "भाऊला सांगा ना. तुमचा ऐकतो तो."

सांगते म्हटलं.

नाही सांगितलं. भाषण लिहीत बसले. "हा रस्ता मोठ्यांसाठी नाही, जी लेकरं अजून जन्मलीही नाहीत, ती याच वाटेने पहिल्यांदा जग बघायला येणार आहेत." हे वाक्य तीनदा वाचलं. त्या माणसाच्या तोंडात घालायला जीव होत नाही, इतकं चांगलं आहे.

२५ मे

पाऊस. इतक्या लवकर! वाळत घातलेल्या कुरडया भिजल्या.

येसू उशिरा आली, गुडघ्यापर्यंत चिखल. लुगड्याचा पदर पिळत दारातच उभी. "ओहोलाला पानी आला. करिष्माला आठ दिस तुमच्याकडं ठेवू का? मागल्या खोलीत? ती काय त्रास द्यायची नाय."

मागच्या खोलीत पुस्तकं आहेत. आणि बाळंतीण घरात म्हणजे... बघू, म्हटलं.

 तिने भांडी जरा आपटली, एवढंच.

२७ मे

येसू आली नाही.

२८ मे

आजही नाही. भांडी मी घासली. राखेने हाताची सालं निघाली.

२९ मे

सकाळी दारात पंकज. करिष्माचा नवरा. कपडे ओले.

काल पहाटे कळा सुरू झाल्या. काठीला चादर बांधून झोळी केली, चौघांनी खांद्यावर घेतली. ओहोळाला छातीएवढं पाणी. ओसरायची वाट बघत काठावर बसले, दोन तास. तिथेच सुटली. मुलगा. रडला नाही.

करिष्माला मग कशीबशी पलीकडे नेली. दवाखान्यात आहे. वाचेल, म्हणाले डॉक्टर.

"ॲम्ब्युलन्सवाला बोलला, रस्ता नही तो मैं क्या करू." मग तो म्हणाला, "मशीनच्या बाजूनंच नेली, बाई. हार होता तिला."

मी विचारलं, चहा घेतोस?

तो गेला. मी दिवसभर मनात एकच गोष्ट घोळवली. मी बोलले ते थट्टेत. थांबवलं त्याने. थट्टा कळत नाही असल्या माणसाने राजकारणात यावंच कशाला?

१ जून

रस्त्यावर चिखल म्हणून कार्यक्रम जव्हारला, सभागृहात. सकाळी भाऊचा फोन — "बाई, रद्द करू का? मन नाय लागत." म्हटलं, मंत्री निघालेत, आता कसलं रद्द?

गेले. पहिल्या रांगेत बसवलं मला. भाऊ भाषणाला उठला, वाचत वाचत माझ्या वाक्यापाशी आला — थांबला. कागदाकडे नुसता बघत राहिला. मग ते वाक्य सोडून पुढचं वाचलं! सगळ्यात चांगलं वाक्य!

नारळही फोडले नाहीत. पोतं तसंच कोपऱ्यात. कार्यकर्ते कुजबुजत होते, मंत्री घड्याळ बघत होते. घाबरला, दुसरं काय.

५ जून

एका बैठकीत लेख लिहिला. "साठ नारळ." वीस वर्षांत पहिल्यांदाच भाऊवर. हार घातलेली मशीन, मास्तरने दिलेला वाढदिवस, काठावरचे दोन तास — सगळं आलं. बदली करून दिली म्हणून किती दिवस गप्प बसायचं? लेखकाला कणा हवा.

कल्पना कोणाची, तेवढं आलं नाही. लेखाला शब्दमर्यादा असते.

९ जून

लेख सगळीकडे फिरतोय! मोखाड्यापासून नाशिकपर्यंत. पुण्याहून एका प्राध्यापकांचा फोन — "एवढी धार आता कोणाच्या लेखणीला राहिली नाही हो." भाऊचं तिकीट कापलं, म्हणतात. साठ वर्षांचा राजकारणी एका लेखात खलास! जेवण जास्त गेलं आज.

भाऊचा फोन नाही. वाटलं होतं, शिव्या घालेल.

१० जून

येसू कामावर आली. सुकली आहे. करिष्मा घरी आली, पण बोलत नाही, म्हणाली. छातीला दूध येतं, ते पिळून टाकावं लागतं.

"पंकजनी वाचून दाखवला तुमचा. मोठी मानसा भाऊला भितात, बाई. तुम्ही आमच्या बाजूनं लिवला." आणि पाया पडायला वाकली.

मी वाकू दिलं.

"शनिवारी पाड्यात ग्रामसभा हाय. भाऊला बोलवलाय जाब द्यायला. ग्रामसेवक रजेवर. पंकज बोलतो, कागुद बाईच लिवतील. दुसऱ्याचा भरोसा नाय."

जाईन म्हटलं. भाऊचं थोबाड बघायला मिळेल.

१४ जून

ग्रामसभेला भाऊ एकटाच आला. चालत, पँट गुडघ्यापर्यंत वर. खुर्ची दिली तरी खालीच बसला. येसूने विचारलं, मशीन कोणी थांबवली? "मी." पंकजने विचारलं, वाढदिवसाला नारळ फोडायचं कोणाच्या डोक्यातून निघालं? भाऊने माझ्याकडे बघितलं. चांगला बराच वेळ. करिष्माही बघायला लागली.

"माझ्याच," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाचा काय संबंध नाय. लिवा, बाई."

लिहिलं. अक्षर फार सुरेख आलंय.