पाच बोटांचा बांध

मी, गहिनीनाथ सखाराम दरंदले, वय ७६, धंदा शेती आणि घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलाली, राहणार घोडेगाव, ता. नेवासा, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तरीही कोणाला शंका असेल, तर मी आहे तोवर त्याने माझ्याशी एका बैलाचा सौदा करून बघावा.

१. राहतं घर पत्नी चांगुणा हिचं. तिच्याजवळ कोणी राहायचं ते ती ठरवील. तिने कुठे राहायचं ते मुलाने ठरवू नये.

२. शेतजमीन मुलगा कल्याण याची, कलम ५ मधला तुकडा सोडून. पतसंस्थेतली ठेव कल्याण आणि मुलगी धनश्री यांना निम्मी निम्मी.

३. बाजारातलं माझं जुनं गिऱ्हाईक श्रीमंत, त्याला मी विकलेला बैल लंगडा नव्हता. श्रीमंतला हाकता येत नव्हतं. हे कायमचं नोंदवून ठेवतो.

४. माझं उपरणं मुलगी धनश्री हिला. कल्याणने वाईट वाटून घेऊ नये, तो भाव तोंडाने बोलतो. या उपरण्याखाली दोघांचे हात घेऊन मी पन्नास वर्षं सौदे जुळवले आणि गावातली भांडणंही मिटवली. दोन बोटं धरली तर दोन, अख्खा पंजा धरला तर पाच. कोण किती वाकला हे कापडाबाहेर कोणाला दिसत नाही, म्हणून माणसं वाकतात. तिथलं बाहेर सांगायचं नाही हा माझा नियम. तो पुढच्या कलमात एकदाच मोडतो.

५. आई दगडाबाई २००६ साली गेली. तिचं तेरावं झाल्यावर धाकटा भाऊ अजिनाथ आणि मी आमच्या दोघांमधला बांध ठरवायला बसलो. उपरण्याखाली त्याने माझा अख्खा पंजा धरला. मी समजलो, हा पाच हात जमीन मागतोय. बाजारात असतो तर मी तीन बोटं धरून उलट भाव दिला असता. भावाला दिला नाही. हात सोडवून उठलो आणि दावा लावला. तो एकोणीस वर्षं चालला, तेवढी वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

गेल्या महिन्यात नगरच्या कोर्टाने आम्हाला मध्यस्थीला पाठवलं. मी हसतच गेलो, मला कोण काय शिकवणार? मध्यस्थ बाई धनश्रीपेक्षा लहान. त्यांनी अजिनाथला साधंच विचारलं, "तुम्हाला पाच हात कशासाठी हवे होते?"

तो म्हणाला, "म्या कुठं काय मागितलं? आई गेल्ती. दादाचा हात धरला हुता."

मी तिथेच रडलो. हे लिहायला मला लाज वाटत नाही. सगळ्या बाजाराची बोटं मला कळली आणि सख्ख्या भावाचा हात कळला नाही. दावा त्याच दिवशी मिटला, बांध आहे तिथेच राहिला.

तरी माझ्या बाजूची पाच हात जमीन, बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मी अजिनाथच्या नावे करतो. तो नको म्हणतोय. कल्याण, त्याचं ऐकू नकोस.

६. जमीन मिळणाऱ्याने साक्षीदार होऊ नये असं वकील म्हणतात, म्हणून खाली अजिनाथची सही नाही. पण तो शेजारीच बसला आहे. सहीला माझा उजवा हात मोकळा हवा, म्हणून त्याने डावा धरला आहे. अख्खा.

लिहून देणार : गहिनीनाथ सखाराम दरंदले (सही)

आमच्या समक्ष सही केली :
१) कानिफनाथ रंगनाथ येळवंडे (सही)
२) ज्योती कारभारी बऱ्हाटे (सही)

घोडेगाव, जि. अहिल्यानगर
१४ नोव्हेंबर २०२५