पलीकडच्या काठावर मामाचं घर

१२ जानेवारी १९३०, रविवार. गोंदिया.
आजपासून नियमित रोजनिशी. पहाटे पाचला उठणे, आल्याच्या पाण्याने गुळण्या, विडी बंद. (उठलो आठला. थंडी फार. विडी एकच, तीही छोटेलालने आग्रह केला म्हणून.)
तंबू-सिनेमात माझे काम मोठे आहे. पडद्यावरची माणसे मुकी. मधेमधे टायटले येतात, ती निम्म्या पब्लिकला वाचता येत नाहीत. पडद्याशेजारी खुर्ची टाकून मी ती मोठ्याने वाचतो आणि सीनचा अर्थ समजावतो. ऑपरेटर छोटेलाल फक्त हँडल फिरवतो. समाजसुधारणा माझ्याकडे.

१५ जानेवारी.
संक्रांतीला धाकटी बहीण सुभद्रा आली आहे. अर्जुनीकडच्या तिच्या गावाहून, देवकाला घेऊन. देवका अकरा वर्षांची. तिचे लग्न ठरले. नवरामुलगा गावचे मालगुजार दुलीचंद. वय साठ, दोन बायका स्मशानात पोचवलेल्या. गावचा तलाव त्यांच्या हुकमाखाली. सुभद्राच्या नवऱ्याचे, मनिरामचे, धान सगळ्यात शेवटच्या बांधात. सोयरीक झाली की पाणी आधी त्याला. एप्रिलपासून लहान पोरींच्या लग्नाला कायद्याची बंदी येते, म्हणून सगळी घाई.
सुभद्रा म्हणाली, "दादा, तुया इथला तंबूबी त्याच्याच जागेवर हाय. तू बोल नं त्याले."
बोलणे हा जुना मार्ग, मी म्हटले. मी दाखवीन.

१६ जानेवारी.
योजना पक्की. आमचा नवा खेळ नेमका याच विषयावर! म्हातारा नवरा, कोवळी पोर. शेवटच्या सीनमध्ये पोर घाटाच्या पायऱ्या उतरते. मग नुसते पाणी, आणि पाण्यावर वर्तुळे. टायटल नाही. मेलेली दाखवायची नाही, पण कळली पाहिजे. याला म्हणतात कला. ती मोकळी जागा माझ्यासाठीच सोडली आहे. तिथे असे बोलीन की दुलीचंदांच्या काळजाचे पाणी होईल. भाषण तयार, तीन पाने. गुळण्या उद्यापासून.

१९ जानेवारी, रविवार.
दुलीचंदांसाठी खास खेळ. ते पुढे आरामखुर्चीत, शाल पांघरून. बायका कनातीआड, त्यांत सुभद्रा आणि देवका.
पहिला भाग उत्तम झाला. कलप लावलेला म्हातारा मुंडावळ्या बांधून आला तेव्हा पब्लिक खो खो हसले. दुलीचंदांनी मान वळवून मागे पाहिले. हसू जागच्या जागी थांबले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले.
माझ्या घशात खवखवू लागले.
वर्तुळे आली. तीन पाने खिशातच होती. मी म्हणालो, "पलीकडच्या काठावर तिच्या मामाचं घर होतं. पोहत पोहत ती तिथं गेली. मामानं तिला ठेवून घेतलं." मामा कुठून आला कळत नाही. आधी खेळात मामाच नाही.
टाळ्या कडाडल्या. दुलीचंदांनी डोळे पुसले. म्हणाले, "बढिया किस्सा, मास्टर."
छोटेलालने नंतर विचारले, "मास्टर, छोकरी तो डूब गई. तू काहे को मामा के घर भेजता?" त्याला सूचकता म्हणजे काय ते समजावले. तो विडी ओढत राहिला. घसा बरा असता तर गोष्ट वेगळी होती.

२० जानेवारी.
निघताना देवकाने विचारले, "मामा, त्या पोरीले मामानं खरंच ठेवून घेतलं का?"
हो म्हटले.
"आन् मंग परत नाही धाडलं?"
नाही म्हटले. पोरगी चौकस आहे. कला पोचते ती अशी.

२ फेब्रुवारी.
तंबू फुल्ल. कंपनीच्या शेठनी ताकीद दिली, मामाचे वाक्य बदलायचे नाही. पब्लिक आता माझ्याबरोबर म्हणते.
'मूक चित्रांतून समाजप्रबोधन' हा ग्रंथ लिहायला घेतला. मथळा झाला.
शाळामास्तरांच्या हातून लिहवून घेतलेली सुभद्राची दोन पत्रे. पहिले प्रकरण झाले की सविस्तर उत्तर देईन.

९ मार्च.
परवा लग्न झाले. खेळ सोडून जाता आले नाही. दुलीचंदांच्या घरी बाईमाणूस नाही, म्हणून पोर मोठी होऊन गौना व्हायची वाट न पाहता देवकाला तिथेच ठेवून घेतली. त्यांनी कंपनीला लाडवांची टोपली पाठवली. थोडे खवट. तरी चार खाल्ले, न खाणे बरे दिसले नसते.
समाज हळूहळू बदलतो. एका खेळात कसा बदलेल?

२७ मार्च, गुरुवार.
सकाळी तंबूच्या दाराशी देवका. एकटी, अनवाणी, अर्जुनीहून आगगाडीने बिनतिकीट आलेली. हातांतला चुडा कोपरापर्यंत चढलेला.
"मामा, मी आली पलीकडे," म्हणाली. "आता इथंच राहीन. पडदा झाडीन, बाकं पुशीन."
तंबू दुलीचंदांच्या जागेवर. शेठचा स्वभाव तापट. मी तिला शांतपणे, उदाहरणे देऊन, कथा आणि जीवन यांतला फरक समजावला. तिने सगळे ऐकून घेतले.
"मंग तंबूत तसं काऊन सांगतलं?"
सविस्तर उत्तर द्यायचे होते, पण तोवर दुलीचंदांचे दिवाणजी शोधत आले. गूळ-फुटाणे बांधून दिले. त्यांच्याबरोबर दुपारच्या गाडीत बसवून दिली. रडली नाही. समजूतदार आहे.
छोटेलाल दिवसभर माझ्याकडे पाठ करून होता. मशीनला तेल घालत बसला. त्याचा स्वभावच तसा.

२९ मार्च.
गावाहून माणूस आला. देवका काल सकाळी पाण्याला गेली ती आली नाही. तलावाच्या पाळीवर घागर सापडली. भरलेली. आधी घागर भरून ठेवली होती पोरीने.
दुपारी जाळे टाकून काढली.
सुभद्राचा निरोप: "दादाले सांगजो, येऊ नोको."
आज काही खाल्ले नाही. कुणी विचारलेही नाही.

३० मार्च, रविवार.
आज निश्चय केला होता. तीन पाने बोलायची. डूबली म्हणायचे. कुणी घातली पाण्यात तेही म्हणायचे, नाव घेऊन. आपले सुद्धा.
वर्तुळे आली. मी उभा राहिलो. तोंड उघडले, शब्द नाही. मशीनची खरखर तेवढी. पब्लिक थांबले होते.
मग कनातीआडून एक बाई म्हणाली, आणि पाठोपाठ सगळा तंबू म्हणाला, "पलीकडच्या काठावर तिच्या मामाचं घर होतं! मामानं तिले ठेवून घेतलं!"
टाळ्या. शिट्या. एकाने पुढे येऊन माझ्या गळ्यात झेंडूची माळ घातली. मी ती घालू दिली.
खेळ संपल्यावर छोटेलालने विचारले, "गला खराब है क्या, मास्टर?"
घसा साफ होता. जानेवारीतही साफच होता.