वेलांगीची तेरवी मी होऊ देणार नाही

प्रिय शालू,

येत्या रविवारी तुझ्या अंदाजाची तेरवी ठरली आहे. मला विचारून नाही, मला नुसतं सांगून! गजूभाऊंनी बेसनसुद्धा आणून ठेवलंय. म्हणून आज शाळेतून आल्या आल्या चहाही न घेता लिहायला बसले. तुझ्या बाजूने भांडायला आता तू नाहीस, आणि मी गप्प बसले तर स्वप्नात येऊन माझी खरडपट्टी काढशील, हे काय मला माहीत नाही?

तुझी स्वतःची तेरवी केव्हाच झाली. तेराव्या दिवशी, रीतसर झाली. वरण, भात, बुंदी. मीही पंगतीला बसले आणि मुकाट्याने जेवले. ती मला अडवता आली नाही. ही अडवणार आहे.

तुला आठवतं का गं, ही तेरवीची खोड आपल्याला कोणी लावली? तूच! सौंदडच्या स्टेशनासमोर तुझं झेरॉक्सचं दुकान, रविवारी अर्धं शटर खाली ओढलेलं, आणि बाहेरच्या बाकावर आपण चौघं. तू, मी, ऑटोवाले गजूभाऊ आणि निवृत्त पोस्टमास्तर मेश्राम सर. हातात 'धुरकोटाची गाथा'. राजे, राक्षस, बोलणारे डोंगर, धुक्यात बुडालेला किल्ला, आणि पुढच्या भागात काय होणार यावरून आपली जुंपलेली भांडणं. बल्लारशाहची गाडी येऊन निघून जायची आणि आपण तिकडे मान वळवूनही पाहायचो नाही. आमचे हेडमास्तर एकदा मला म्हणाले होते, मॅडम, या वयात राक्षसांची पुस्तकं? मी म्हटलं, सर, या वयातच राक्षस ओळखता येतात. त्यानंतर त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

तेव्हाच तू नियम काढलास. ज्याचा अंदाज पुढच्या भागात खोटा निघेल त्याने त्या अंदाजाची तेरवी करायची. सगळ्यांना भजे खाऊ घालायचे, आणि पळसाच्या पानावर एक भजा बाहेर कावळ्यासाठी ठेवायचा. पहिली तेरवी गजूभाऊंची. आंधळ्या राजाचा कुत्रा हाच खरा राजा, असा त्यांचा अंदाज होता, आणि तिसऱ्या भागात तो कुत्रा सरळ म्हातारा होऊन मेला. कावळा काही येईना. शेवटी स्टेशनावरचं एक खरं कुत्रं आलं, भजा खाल्ला आणि शेपूट हलवत निघून गेलं. गजूभाऊ ओरडले, "पाहा जी, राजा आला!" तू हसून हसून बाकावरून खाली बसलीस. मेश्राम सरांचा चष्मा पडला होता त्या दिवशी.

पहिले तीन भाग आपण वाचनालयातून आणून वाचले. चौथा तिथे येता येईना. मग तू गोंदियाच्या पुस्तक प्रदर्शनातून तो आणलास आणि खाकी कव्हर घातलंस. चौघांत एकच प्रत. आधी तू, मग मी, मग सर, मग गजूभाऊ. आणि त्याच प्रतीने आपला घात केला.

घात का म्हणायचं? मी नाही म्हणणार.

तुला धुरकोटातली ती संध्याकाळ आठवते? शत्रू आलेला असतो. धुरकोटाचं पाण्याकडचं दार बाहेरून लावल्याशिवाय आतली माणसं वाचणार नसतात. नावाडीण वेलांगी आदल्या संध्याकाळी म्हाताऱ्या दारवानाजवळ बसून भाजलेली मासोळी खाते, हसते, आणि मग जाऊन बाहेरून दार लावते. 'दार बंद झालं.' पान दोनशे आठ. तिथे प्रकरण थांबतं. आपण पान उलटलं, आणि पुन्हा एकशे त्र्याण्णव! पुन्हा तीच संध्याकाळ, तीच मासोळी, तेच हसणं. पुन्हा दार बंद झालं. त्यानंतर एकदम दोनशे पंचवीस. थंडी पडलेली, किल्ल्यावर बर्फ, आणि वेलांगीचं कुणी नावही घेत नाही.

दुसरं कुणी असतं तर दुकानदाराला फोन लावला असता. आपल्याला ते सुचलंच नाही! मेश्राम सर म्हणाले, लेखकाची चूक दिसते. तू त्यांच्यावर अशी उखडलीस!

"चूक कायची? पाननंबर बी मागं फिरवले त्यानं. केवढ्या डोक्याचा मानूस हाय! सर, वेळ उलटी फिरून राहिली. वेलांगी मेली नाही. दार लावते अन् परत त्याच संध्याकाळी येते."

आणि मग तू तो अंदाज सांगितलास. शेवटच्या भागात धुरकोटाच्या त्याच दारावर बाहेरून थाप पडेल, आणि थाप मारणारी वेलांगी असेल. गजूभाऊंच्या हातातला चहा थंड झाला. इतका सुंदर अंदाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

नंतर एकदा मी तुझ्याशी वाद घातला. म्हटलं, शालू, दोन्ही वेळची अक्षरं तर तीच आहेत, काना-मात्रेचा फरक नाही. तू म्हणालीस, दुसऱ्यांदा ती वेगळी हसते. मी म्हटलं, कशी हसेल? तर म्हणे,

"पयल्या खेपेले तिले माहीत नाही का दार कोनाले लावा लागन. दुसऱ्या खेपेले माहीत हाय. माहीत असून हासते. तूच सांग, एकच हासनं होते का ते?"

मला तेव्हा ते पटलं नाही. तुला नागपूरच्या दवाखान्यात दुसऱ्यांदा नेलं त्या दिवशी पटलं.

पहिल्यांदा गेलीस तेव्हा पिशवी छातीशी धरून बसमध्ये बसली होतीस, कुणाशी बोलली नाहीस. दुसऱ्यांदा सगळं माहीत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि तुझ्या नवऱ्याच्या, दिलीपभाऊजींच्या तोंडावरून आम्हालाही कळलं होतं. गजूभाऊंच्या ऑटोत बसलीस, हायवेपर्यंत मी शेजारी होते. खड्डा आला तशी तू म्हणालीस, "भाऊ, हळू चालवा ना जी. मले काही मराची घाई नाही." आणि हसलीस. गजूभाऊंनी आरशात पाहिलं नाही. मी पाहिलं. दुसऱ्या खेपेचं हसणं कसं असतं ते मी पाहिलंय, शालू. आता पुण्याहून कुणी येऊन मला सांगू नये की तिथे छपाईची चूक आहे!

हो, पुणं. ते तुला सांगायलाच हवं. तू गेल्यावर मी फोनवर पुण्याच्या पोरांनी चालवलेल्या त्या गाथेच्या मोठ्या ग्रुपवर शिरले. हजारभर माणसं! वंशावळी काढतात, नकाशे रंगवतात, लेखक मुलाखतीत खोकला तरी त्याचा अर्थ लावतात. शेवटचा भाग या दिवाळीत येणार अशी बातमी आली. म्हटलं, त्याआधी तुझा अंदाज तुझ्या नावाने तिथे लागला पाहिजे. उद्या खरा ठरला तर कुणी म्हणायला नको की आम्हीच आधी सांगितलं होतं. मी सगळं लिहिलं. दोनदा येणारी पानं, उलटी वेळ, दारावरची थाप. खाली लिहिलं, 'हा अंदाज सौंदडच्या शालू यांचा.'

मग एका पोराने लिहिलं, 'काकू, कुठली दोनदा येणारी पानं?'

आणि मग कळलं. पुस्तकाची पानं सोळा-सोळाच्या गठ्ठ्यांनी शिवतात म्हणे, त्याला फर्मा म्हणतात. आपल्या प्रतीत एक फर्मा दोनदा शिवला गेला आणि त्याच्या पुढचा राहूनच गेला. त्या राहिलेल्या सोळा पानांत वेलांगी मरते. सगळ्या महाराष्ट्राला माहीत होतं. नव्हतं ते फक्त आपल्या बाकाला.

काय हसले गं सगळे! पिवळे चेहरेच चेहरे, डोळ्यांतून पाणी गळणारे. एकाने सल्ला दिला की प्रत बदलून मिळते. आता तिथे कुणी वेडगळ तर्क केला की त्याला 'गोंदिया अंदाज' म्हणतात. म्हणू दे! जिल्ह्याचं नाव काढलंस तू. इतकी वर्षं नकाशे रंगवून त्यांच्यातल्या एकाला तरी दारावरची थाप ऐकू आली का?

कुणीतरी त्या सोळा पानांचे फोटो टाकले. सरांनी वाचले, गजूभाऊंनीही वाचले. मी फोन उलटा ठेवला.

गेल्या रविवारी मेश्राम सर नवीकोरी, पूर्ण प्रत घेऊन आले. माझ्यासाठी. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, तुला सर माहीतच आहेत. म्हणाले, "बाई, लेखकाने फार जपून मारलंय तिला. एकदा वाचा. मोकळं वाटेल तुम्हाला."

मी म्हटलं, मला मोकळं व्हायचं नाही.

गजूभाऊ म्हणाले, "मास्तरीनबाई, कागदावर लिवलं हाय का ती मेली. आता काऊन जिद्द करून राहिल्या? नियम शालूताईनंच केला व्हता. अंदाज मेला, तेरवी कराची."

माझा आवाज चढला. म्हटलं, आपल्या कागदावरही लिहिलंय की ती परत आली! त्यांचा कागद खरा आणि आपला खोटा, हे कुणी ठरवलं? लेखकाला जे सुचलं नाही ते छापखान्यातल्या कुठल्याशा बाइंडरच्या हातून झालं, आणि शालूने ते वाचलं. हजारो लोकांनी पुस्तक वाचलं, पण वेलांगीला परत आलेली फक्त शालूने पाहिली. तिच्या अंदाजाची तेरवी करायला निघालात? लाज नाही वाटत?

दुकानातून दिलीपभाऊजी बाहेर आले आणि परत आत गेले. सर खाली पाहत होते. आणि गजूभाऊ, ज्यांना मी दहा वर्षांत हसताना नाहीतर भांडतानाच पाहिलंय, ते हळूच म्हणाले,

"शालूताईच्या तेरवीत मी बुंदी वाढत होतो जी. पंगती उठवत होतो, पानी आनत होतो. रडाले टाइमच नाही भेटला. ह्या तेरवीत तरी रडू द्या ना मले."

तू असतीस तर काहीतरी चावट बोलून वेळ निभावून नेली असतीस. मला ते कधी जमलं नाही. मी पर्स उचलली आणि घरी आले. मागच्या रविवारपासून ते वाक्य डोक्यात घुमतंय.

आणि तुझ्यावरही राग आहे बरं का माझा. शेवटचा भाग आल्याशिवाय बाक सोडायचा नाही, असं ठरलं होतं ना आपलं? मग तूच कशी उठलीस? वर इतका देखणा अंदाज माझ्या गळ्यात बांधून गेलीस की आता साधं, सरळ, सगळ्यांना कळतं ते मला पटतच नाही. पोरं वर्गात गणित चुकतात तेव्हासुद्धा आधी वाटतं, बघू तरी, याला काय दिसलंय!

आज मात्र मी ठरवलंय. नीट ऐक.

सरांची नवी प्रत मी शाळेच्या कपाटात ठेवली. पोरांना पूर्ण पुस्तक मिळालं पाहिजे, त्यांनी वेलांगीला मरताना वाचावं, रडावं, माझी ना नाही. मी ती सोळा पानं वाचणार नाही. आज नाही आणि म्हातारपणीही नाही. दिलीपभाऊजींना सांगून खाकी कव्हरची प्रत मी मागून घेतली. त्यांनी फडक्याने पुसून दिली.

रविवारी मी बाकावर जाणार. गजूभाऊंनी भजे तळावेत, मी मिरचीचे चार जास्तच खाईन. त्यांना रडायचं असेल तर पोटभर रडू देत, मी शेजारी बसेन, आणि माझंही काही सांगता येत नाही. पण पळसाचं पान मी मांडू देणार नाही. कावळ्याने आपल्या दारात यायचं नाही. ज्याचं पान मांडायचं ते मेलेलं असावं लागतं.

भजे खाऊन झाले की मी आपली प्रत उघडेन आणि मोठ्याने वाचेन. मासोळी, म्हातारा दारवान, वेलांगीचं हसणं, बंद झालेलं दार. मग पान उलटून पुन्हा तेच, दुसऱ्या खेपेचं. ते कसं वाचायचं हे आता मला येतं. दिवाळीत शेवटचा भाग येईल तेव्हा तोही तुझ्या बाकावरच वाचू. त्यात थाप पडली तर साऱ्या महाराष्ट्राला भजे खाऊ घालेन. नाही पडली तर तो लेखकाचा अंदाज चुकला, तुझा नाही.

हे माझं वचन आहे, शालू. दार दुसऱ्यांदा बंद झालं की मी जरा थांबेन, कान देईन. थाप ऐकू आली नाही, तर दोनशे पंचवीसकडे जाणार नाही. परत एकशे त्र्याण्णव काढेन.

तुझ्या बाकावरची,
तुझ्यासारखीच हट्टी
छाया