बाहेरचं माणूस

सेक्टर ६, भिलाई
१९ जानेवारी १९८८

प्रिय वसू,

तुझं कार्ड शुक्रवारी आलं. पत्ता आईच्या नावाचा होता, पण तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून तिची पत्रं मीच वाचते हे तुला ठाऊक आहे, तेव्हा ते तू मलाच लिहिलंस असं मी धरून चालते. पॉवर हाऊस रेल्वे स्टेशनवरच्या पोरांचं काम सोडते आहे, राजीनामा दिला, एक तारखेपासून तुमसरच्या शाळेत नोकरी धरते, आता दमले. एवढं लिहून मोकळी झालीस. आणि कोपऱ्यात ‘ताईला नमस्कार’. तो नमस्कार नसता लिहिलास तरी चाललं असतं.

आईला मी कार्ड वाचून दाखवलं नाही. वसू नागपूरला मैत्रिणीकडे, रमाकडे आराम करून राहिली, एवढंच सांगितलं. आता तुला मात्र खरं लिहिते, खोटंच लिहायचं तर पत्र कशाला खर्ची घालायचं. कार्ड वाचून मला आधी बरं वाटलं. चला, म्हटलं, हिचेही पाय एकदाचे जमिनीला लागले. वांग्याची भाजी फोडणीला टाकताना मी चक्क गुणगुणत होते. हे टाइम ऑफिसातून आले तर दारातूनच म्हणाले, आज काय विशेष? काय सांगणार होते मी त्यांना, की माझी सख्खी बहीण हरली म्हणून मला गाणं सुचून राहिलं?

ताई तिरसट आहे असं तू म्हणतेस. आहेच. पण एकोणसत्तर साली नागपूरच्या समाजकार्याच्या कॉलेजात प्रवेश कोणाचा ठरला होता, ते तुला आठवत नसेल, चौदा वर्षांची होतीस तू. माझा ठरला होता. बाबा स्वतः जाऊन होस्टेल पाहून आले होते, खाट खिडकीजवळची मिळेल म्हणाले होते. तेवढ्यात हे भिलाईचं स्थळ आलं. प्लांटची नोकरी, क्वार्टर, नळाला पाणी. असं स्थळ पुन्हा दारात येत नाही, शिक्षण काय कधीही होतं, असं बाबा म्हणाले आणि मी मान हलवली. पुढं तू त्याच कॉलेजात गेलीस, तेव्हा शिक्षण कधीही होतं असं तुला कोणी म्हटलं नाही. आणि शिकून आलीस ती कुठं, तर भिलाईला, माझ्याच नाकासमोर. हिंदुस्थानात दुसरं स्टेशन नव्हतं?

बाबा गेल्यापासून अकरा वर्षं आई माझ्याकडे आहे. तिच्या आंघोळीचं पाणी, तिच्या डोळ्यांतले थेंब, तिचा मऊ भात आणि तिची कुरकुर, सगळं माझं. आणि घरी कोणी आलं की ती काय सांगते? “माही वसू अनाथ लेकरायची माय आहे.” पाहुण्यानं माझ्याकडे पाहिलं की म्हणते, “हे विजू. हे माह्यापाशीच रायते.” ऐकलंस? मी तिच्यापाशी राहते. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. तारानंही तुझ्यासारखी झोळी शिवून घेतली आहे. बारावीचं वर्ष, मी अभ्यासाचं विचारलं तर हिंदीत सांगते, “मम्मी, तुम नहीं समझोगी, मौसी समझती है.” माझ्या पोटची पोरगी, आणि तिला समजणार तू.

तीन वर्षांपूर्वी कोहक्याच्या घरमालकानं तुला खोली सोडायला सांगितली होती. दारात स्टेशनची पोरं येतात, शेजारी बोंबलतात, म्हणून. तू माझ्याकडे आलीस आणि मागचा व्हरांडा मागितलास, खाट मावेल एवढाच, दुसरी खोली मिळेपर्यंत. मी म्हटलं, कंपनीचा नियम आहे, क्वार्टरमध्ये बाहेरचं माणूस ठेवता येत नाही. असं मी आईसमोर म्हटलं, जी त्याच क्वार्टरमध्ये आठ वर्षं राहत होती. शेजाऱ्यांकडे त्यांचे बालाघाटचे चार पुतणे राहत होते, त्यांचे लंगोट आपल्याच तारेवर वाळत होते. तू त्या लंगोटांकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि ‘बरं ताई’ म्हणून चहा घेऊन गेलीस. भांडली असतीस तर मी नियम मागे घेतला असता. तू भांडत नाहीस, हाही तुझा मला राग आहे.

आता महालक्ष्म्यांचं. सप्टेंबरमध्ये पोरांसाठी पुरणपोळ्यांचा डबा मागायला तू ताराला सांगितलंस. मी मोठ्या समाधानानं निरोप धाडला की महालक्ष्म्यांचा प्रसाद उंबऱ्याबाहेर जात नाही, आमच्या सासरचा रिवाज आहे. रिवाज खराच आहे. मला वाटलं, आता काय करशील? तू दुपारी चार वाजता नऊ पोरं धुऊनपुसून, केसांना तेल लावून माझ्या उंबऱ्याच्या आत आणून उभी केलीस. आईनं पदर खोचला. हे स्वतःचं ताट कधी उचलत नाहीत, तेही तांब्या घेऊन पाणी वाढायला लागले. तारा पोरांच्या पंगतीत जाऊन बसली. वर्षभर खपून मांडलेल्या माझ्या महालक्ष्म्या, माझं पुरण, माझ्या सोळा भाज्या, आणि घरातले सगळे बघत होते तुझ्याकडे. त्यातल्या फकिरानं एक पोळी हळूच सदऱ्यात घातली. तू नुसतं म्हणालीस, “यहीं खाना है, बेटा.” त्यानं ती काढली आणि तिथंच बसून खाल्ली. ताराला मी सतरा वर्षं सांगून राहिले, माझं एक ऐकत नाही. तिथं माझ्या डोक्यात काय गेलं ते मला सांगता येत नाही, पण त्यानंतर मी जे बोलले ते तुला पाठ असेल. तू पोरांना घेऊन गेलीस ती पुन्हा आली नाहीस. दिवाळीलाही नाही.

मी म्हटलं, नखरे आहेत, येईल आपोआप. आई रोज विचारायची, “पोरगी कावून येऊन नाई राहिली?” आणि मी सांगायचे, तिला वेळ नाही, ती मोठी बाई आहे. अभिमानानं चार महिने काढले. मग या रविवारी तुमच्या संस्थेचे जानराव आले. तुझा राजीनामा खिशात घेऊन आले होते, बहिणीनं समजवावं म्हणून. चहा पिता पिता सहज बोलले की नोव्हेंबरच्या काविळीनं बाई फार खचल्या. कोणती कावीळ, मी विचारलं. तर त्यांचाच कप थांबला.

अठरा दिवस, वसू. कोहका माझ्या दारापासून सायकलनं वीस मिनिटं. तू डोळे पिवळे करून तिथं शोधलेल्या दुसऱ्या खोलीत पडली होतीस आणि फकिरा नि दोन पोरी तुझं करत होत्या. उसाचा रस कोणी आणला, फकिरानं. मऊ भात कोणी केला, फकिरानं. त्या तेरा वर्षांच्या पोराचा मला फार हेवा वाटला. भात मी करायचा होता. आपल्या घरी आजारपणाचा भात कसा लागतो ते त्याला काय माहीत? मी जानरावांवर ओरडले, मला का नाही कळवलं? ते खाली मान घालून म्हणाले, “कळवायला कोणी नव्हतं, बाई.” मग म्हणाले, पोरांना काय लागतं ते आम्ही रोज विचारतो, पण वसुंधराबाईंना काय लागतं ते आठ वर्षांत कोणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही.

मी तर नाहीच विचारलं. उलट त्या महालक्ष्म्यांच्या दिवशी भरल्या पंगतीत म्हटलं की लोकांची पोरं गोळा करून आई म्हणवून घ्यायला काही लागत नाही, स्वतःच्या पोटचं एक वाढवून दाखव. बघ, लिहिलं. हे चार महिन्यांत मी ह्यांच्यापाशीही पुन्हा काढलं नाही, आणि आईनं त्या दिवशी ऐकलं तरी ती माझ्यापाशी राहते म्हणून न ऐकल्यासारखं रोज तेच विचारत राहिली. पोरंही ऐकत होती. तू लग्न का केलं नाहीस ते मला ठाऊक आहे, बाबांच्या आजारपणात तू किती स्थळं परत धाडलीस तेही ठाऊक आहे. ठाऊक होतं म्हणूनच नेमकं तिथं मारलं. चुकून नाही निघालं तोंडून.

काल मी तुमच्या ऑफिसात गेले. दार फकिरानं उघडलं. “आप दीदी की दीदी हो ना?” म्हणाला, आणि मला चहा करून दिला. दीदी हल्ली फिका चहा पिते हेही त्यानंच सांगितलं. मला वाटत होतं तू अजून तीन चमचे साखर घेतेस. त्याला सगळं माहीत, मला काही नाही. ‘दीदी कब आएगी’ हे तो मला तीनदा विचारून गेला आणि तिन्ही वेळा मला रडू आलं, आणि रागही आला की हे विचारणारा हा कोण.

हे पत्र मी तुला परत बोलवायला लिहीत नाही. तुमसरला जायचं तर जा, दमल्यामुळं जा, पण माझ्या त्या वाक्यामुळं जाऊ नकोस. राहायचं ठरवलंस तर मागचा व्हरांडा मी मोकळा केला आहे, नियमाचं हे बघतील. लिहायचं खरं कारण दुसरंच आहे. जानरावांनी काल मला तुमचं कार्यकर्त्यांचं रजिस्टर दाखवलं. आजारपणात कोणाला कळवायचं, या रकान्यात तुझ्या नावासमोर पहिल्या दिवसापासून ‘सौ. विजया, थोरली बहीण’ असं लिहिलेलं होतं, क्वार्टर नंबरासकट. मी व्हरांडा नाकारला त्याही वर्षी ते तसंच होतं. आठ वर्षं मी तुझ्यावर जळले आणि आठ वर्षं त्या कागदावर तुझी म्हणून फक्त मी होते, आईसुद्धा नाही. सप्टेंबरात तू त्यावर एक रेघ मारलीस आणि दुसरं कोणाचंच नाव लिहिलं नाहीस. मी जानरावांचा पेन मागून घेतला आणि त्या रेघेखाली माझं नाव पुन्हा लिहिलं. तुला विचारलं नाही. ते खोडायचं असेल तर इथं ये आणि माझ्यासमोर खोड.

तुझीच, अजूनही जळणारी,
विजूताई