बदामावरचे सहा कोष

१२ ऑक्टोबर
लागला! माझ्याच अर्जावरून सोसायटीच्या आवारात फ्लडलाइट. अंधारात फोडून घेतलेला गुडघा सार्थकी लागला. आता रात्री आवारातल्या बदामाची पानंसुद्धा मोजता येतात.

१९ ऑक्टोबर
बी-विंगची नमिता आली. नेरूळच्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, घरी आल्यावरही थांबत नाही. बदामावर म्हणे टसर रेशमाच्या अळ्या आहेत. "दिवस लहान झाले की त्या कोष करून पावसाळ्यापर्यंत झोपतात, काका. तुमच्या दिव्यामुळे त्यांना दिवस मोठाच वाटतोय. अवेळी बाहेर येतील."
येऊ देत की! नेरूळमध्ये वेळेवर काय येतं?

९ नोव्हेंबर
नमिताने सहा कोष उतरवले. तीन दिव्याखालच्या फांदीवरचे, तीन पाण्याच्या टाकीमागच्या, अंधारातल्या फांदीवरचे. दोन जाळीचे डबे, माझ्या गॅलरीत. पुरावा माझ्या ताब्यात – बाई धाडसी आहे.

९ जानेवारी
आली! दिव्याखालच्या तिघांपैकी एक. तळहाताएवढी पाकोळी, पंखांवर चार डोळे. अंधारातले तिघे ढिम्म. नमिताला सुनावलं, "बघ, उजेडात पोरं लवकर पुढे जातात."
"मादी आहे. आठवडाभर जगेल, न खाता. तिला तोंड नसतं, काका." मग जाता जाता – "तुमचं बरोबर उलट."
झकास! माझ्या पुढच्या विनोदी लेखात वापरणार. माझ्या नावावर.

११ जानेवारी
सभा. आणखी चार फ्लडलाइटचा ठराव. नमिता आकडे घेऊन उभी राहिली, मी पाकोळीचा फोटो घेऊन. "आपल्या दिव्याखाली किडेसुद्धा वेळेआधी पास होतात!" लोक खुर्चीवरून पडायचे बाकी. नमिता मध्येच खाली बसली. ठराव मंजूर. सेक्रेटरी अंकुशने टाळी दिली – "काका, तुमी बोललात की मीटिंग वसूल!"

१४ जानेवारी
पाकोळीने अंडी घातली. जाळीवर, ओळीने, फार निगुतीने. मीच नमिताला फोन केला.
"नराशिवायची आहेत, काका. त्यातून काही निघणार नाही. नर पावसात येतील – जे झोपलेत ते."
"आणि निघालं असतं तर?"
"खाणार काय? बदाम आता पानं गाळेल."
फोन ठेवून लेखातला तोंडाचा विनोद खोडला. असं होत नाही.

१७ जानेवारी
मेली.
सोसायटीच्या ऑफिसात जाऊन अंकुशला लेखी दिलं – सभेत मी चुकीचं बोललो, ठराव रद्द करा, पहिला दिवाही काढा. वाचून तो पोट धरून हसला. बाहेरच्या दोघांना आत बोलावलं. "ऐका रे, काकांचा नवीन जोक!"
मोठ्याने वाचायला लागला.