एकशे ऐंशी फूट पक्का रस्ता

१८ डिसेंबर, सकाळ
नवी वही. सुरतेतली डिंडोलीची खोली सोडली, बारडोलीच्या अलीकडे प्लॉटवर घर झालं. आता फक्त रस्ता बाकी. डांबरी रस्त्यापासून आमच्या ओट्यापर्यंत एकशे ऐंशी फूट, सध्या नुसती काळी माती. हर्षदाची तारीख वीस जानेवारी. मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर म्हणजे आता हे. जावई कुंदनराव नवागामहून गाडी आणतील, ती थेट दाराशी लागली पाहिजे. बायको भागीरथीचं म्हणणं, पोरीला डिंडोलीत तिच्या भावाकडे ठेवू, दवाखाना समोरच आहे. चाळीस वर्षं मिलच्या फोल्डिंग खात्यात उभा राहिलो, ते काय पोरीला दुसऱ्याच्या खोलीत बाळंत करायला?
ठराव : दहा दिवसांत रस्ता.

२१ डिसेंबर
कंत्राटदार रद्द. म्हणे आधी काळी माती दीड फूट काढा, खाली मोठा दगड, वर मुरूम, मग खडी. शिवाय दोन्ही बाजूंना चर. साधं काम वाढवून सांगायची यांची सवयच. मी मोबाईलवर पाहिलंय, परदेशात खडीखाली सरळ कापड अंथरतात. खडी मातीत रुतत नाही. आता कापडातलं मला कोण शिकवणार?

२४ डिसेंबर
मिलमधून टेम्पोभर रिजेक्ट साड्या आणल्या. पॉलिस्टर, गुलाबी काठ, कुठे कुठे रंगाचे डाग. भागीरथी बराच वेळ हात लावून बघत होती. म्हणाली, बायामाणसाचं वस्त्र चाकाखाली घालू नये. वर म्हणाली, ही साडी डोक्यावर पदर टिकू देत नाही, खडी काय टिकू देईल. टेक्निकल गोष्टी तिला समजत नाहीत.

२७ डिसेंबर
शेजारचे ऊसवाले भूपेंद्रभाई आले. आमच्या प्लॉटला आडवी एक नीक आहे, म्हणजे पाण्याचा पाट, त्यांच्या शेतातलं जादा पाणी तिच्यातून पुढे खाडीला जातं. रस्त्याच्या आड येत होती म्हणून परवा बुजवली. त्यांनी विचारलं, निंबाभाई, पाणी क्यां जशे, जाणार कुठे? खालून एक सिमेंटचा पाइप टाका म्हणाले, पाइप मी देतो. नीक तर कोरडी ठणठणीत, पाणी कुठलं? पाइप टाकला की मधेच कुबड दिसणार. माणूस तसा बरा आहे, पण आमचं घर झाल्यापासून जळतो.

३० डिसेंबर
साड्या अंथरल्या, खडी पडली, रोलर फिरला. काय देखणा दिसतो रस्ता. सोळा वेळा चालून पाहिलं. रोलरवाला जाताना म्हणाला, काका, इसपे भारी गाडी मत लाना. दोन दिवसांचं जादा काम पाहिजे असेल त्याला.

४ जानेवारी
कुंदनराव हर्षदाला सोडून गेले. गाडी दाराशी लागली. मधे एकदा चाक जागच्या जागी फिरलं, खडी उडाली. त्यांचा हात अजून बसलेला नाही.

६ जानेवारी
सकाळी रस्त्याच्या मधोमध वीतभर गुलाबी काठ वर आलेला. पायाने आत सारला.

७ जानेवारी
आज तीन ठिकाणी. कात्रीने कापले. भागीरथी उठायच्या आत.

९ जानेवारी
डॉक्टरांनी हर्षदाला चालायला सांगितलंय, म्हणून ती रस्त्यावरच फेऱ्या मारते. आज घसरली. आईने दंड धरला म्हणून वाचली. पोटावर हात ठेवून बराच वेळ ओट्यावर बसून होती. म्हणाली, बाबा, खडी खालून सरकते. मी म्हणालो, चप्पल बदल.
माझ्या पायाखाली सरकत नाही. मी कडेकडेने चालतो, ते वेगळं.

१२ जानेवारी
भूपेंद्रभाई परत. पंधरापासून नहेरला, म्हणजे कालव्याला, पाणी, सोळाला त्यांच्या शेताची पाळी. नीक उघडा, एका दिवसाचं काम आहे, माझी माणसं देतो म्हणाले. मी म्हणालो, बाळंतपण होऊ द्या, मग बघू. मग ते हर्षदाकडे बघून म्हणाले, निदान हिला तरी शहरात पाठवा. अगदी भागीरथीचे शब्द. दोघांचं आधीच बोलणं झालेलं दिसतंय.
संध्याकाळी भाकरी थापताना भागीरथी आपल्या अहिराणीत म्हणाली, पानी कोठे जाई? मी दुसरी भाकरी मागितली.

१४ जानेवारी
उत्तरायण. सगळं सुरत गच्चीवर पतंग उडवतंय. नीक उघडायला आज कोण मजूर येणार? उद्या बघतो.

१५ जानेवारी
आजही कोणी नाही. नहेर भरून चालली आहे, आवाज इथपर्यंत येतो. कुदळ घेऊन नीक होती तिथे गेलो. खडी इतकी छान बसलीय, उकरायला हात होईना.

१६ जानेवारी, सकाळी ७
आभाळ स्वच्छ. रस्त्याची डावी बाजू ओली. दव.

सकाळी ९.३०
दव नाही. काठी घातली, वीतभर आत गेली. भूपेंद्रभाईंना फोन केला, पाणी बंद करा. म्हणाले, पाळी सुरू झाली, वरून येतंय, आता माझ्या हातात नाही. चार टोपल्या खडी टाकली. बरं दिसतंय.

सकाळी ११.१०
हर्षदाला कळा. चार दिवस आधीच. भागीरथीने अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. भूपेंद्रभाई चार ऊसतोडे आणि एक खाट घेऊन आले. म्हणाले, गाडी डांबरीवरच थांबू द्या, आम्ही पोरीला तिथवर नेतो. मी नाही म्हणालो. माझी लेक चार जणांच्या खांद्यावरून दाराबाहेर जाणार नाही, तसं माणूस एकदाच जातं. मग रस्ता कशाला केलाय? ड्रायव्हरने फोनवर विचारलं, रस्तो पाको छे ने? मी म्हणालो, पक्का.
गाडी दाराशी आली. एकदम दाराशी. मी भूपेंद्रभाईंकडे बघून घेतलं.

१७ जानेवारी, दवाखाना
कालचं राहिलेलं. जाताना नीक होती तिथे मागचं चाक बसलं. ड्रायव्हरने जोर दिला तशी एक साडी चाकाला गुंडाळली, मग दुसरी, मग खडीसकट सगळाच रस्ता मागे ओढत आला. गाडी कलली. आतली नर्स म्हणाली, आता हिला हलवायचं नाही. पाऊण तास. मी चाकाखाली खडी टाकत होतो. आतून हर्षदाचा आवाज येत होता, मग यायचा थांबला. तरी मी खडीच टाकत होतो. मला भीती वाटत होती, थांबलो तर आत काय झालं ते ऐकू येईल.
मुलगी झाली. लगेच रडली नाही. मायलेकींना खाटेवरून पाण्यातून डांबरीवर नेलं, तिथून भूपेंद्रभाईंच्या जीपने इथे. खाट धरायला मी पुढे झालो, तर भागीरथीने मला हाताने बाजूला केलं. बाळ काचेच्या पेटीत आहे. आत कोणाला सोडत नाहीत.

२१ जानेवारी
बाळ पेटीतून बाहेर. दूध प्यालं. हर्षदाला ताप नाही. ती माझ्याशी बोलली, पाणी मागितलं.
मी घरी न्यायची तयारी केली होती. कुंदनराव अगदी नम्रपणे म्हणाले, सव्वा महिना हर्षदा नवागामला आमच्याकडे राहील, आणि आईसुद्धा. मी रिवाज सांगितला. भागीरथीची पिशवी आधीच भरलेली होती.
जाताना खाली खिडकीवर जन्माचा फॉर्म भरायचा होता. कारकुनाने विचारलं, जन्म कुठे, दवाखान्यात की घरी? मी घरी म्हणणार, तेवढ्यात भागीरथी म्हणाली, रस्त्यात. त्याने विचारलं, कुठल्या रस्त्यात? तिने पाच दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, यांच्या.